ओट्याची उंची

कळव्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ४३, व्यवसायानं आर्किटेक्ट. ठाण्याच्या नौपाड्यात भाड्याच्या गाळ्यात तिचं छोटं ऑफिस होतं, हाताखाली दोन मुलं होती. एका जुन्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटवर तिनं तीन वर्षं काम केलं, प्लॅन मंजूर करून दिले. मग विकासकाचे पैसे अडकले आणि तिची निम्म्याहून जास्त फी बुडाल्यात जमा झाली. गेल्या दिवाळीत ऑफिस बंद केलं. आता घर नवऱ्याच्या पगारावर चालतं, कर्जाचे हप्ते सुरू आहेत, मुलगी दहावीला आहे. रात्री सगळे झोपले की ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडते आणि एक वाचनालय काढत बसते. खाडीकाठचं, कुणीही न मागितलेलं. सासूबाई एकदा म्हणाल्या, "कागदावरच्या घरात कोण राहणार गं?" तो शब्द तिला लागला आहे. घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या फर्ममध्ये नोकरी मिळते आहे, पण काम फक्त मंजुरीच्या ड्रॉइंगचं, म्हणजे महापालिकेकडे प्लॅन पास करून घ्यायला लागतात त्यांचं. ती विचारते, "ही नोकरी घेतली तर माझ्यातली आर्किटेक्ट संपेल का? अडचणीच्या काळातच मोठं काम होतं म्हणतात, मग माझ्या हातून का होत नाही? दोन महिने झाले, वाचनालयही पुढे सरकत नाही. झोप लागत नाही. घरच्यांना फसवतेय असं वाटतं."

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र वाचताना मला आमच्या जुन्या घरातला ड्रॉइंगच्या अमोनिया प्रिंटचा वास आठवला. माझे वडील ड्राफ्ट्समन होते. वागळे इस्टेटमधला त्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी सातवीत होते. पुढची दोन वर्षं त्यांचा ड्रॉइंग बोर्ड आमच्या दीड खोलीत पलंगावर आडवा असायचा आणि आम्ही भावंडं अभ्यासाला गॅलरीत. ओळखीपाळखीच्यांचे पोटमाळे, वाढवलेल्या खोल्या, दुकानांचे गाळे ते ट्रेसिंगवर काढून द्यायचे. शाईची रेघ चुकली की दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन ती खरवडायची, इतक्या हलक्या हातानं की कागद फाटू नये. मग त्या जागेवरून अंगठ्याचं नख फिरवायचं, म्हणजे नवी शाई फुटत नाही. हे करताना ते श्वास रोखून धरत, आणि आम्हीही. एका पोटमाळ्याच्या जिन्याच्या पायऱ्या त्यांनी चार वेळा बदलल्या होत्या, कारण त्या घरातल्या आजींचे गुडघे गेले होते. त्या कामाचे किती पैसे मिळाले ते घरात कधी निघालं नाही. आजींना जिना चढता आला, हे माझी आई अजून सांगते.

आता तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिला त्याच्याच पोटात आहे.

अडचणीतच मोठं काम होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? हे सांगणारी माणसं अडचणीतून बाहेर पडून बहुधा बरीच वर्षं झालेली असतात. जर्मन आर्किटेक्ट एरिक मेंडेलसोन पहिल्या महायुद्धात आघाडीवर होता आणि तिथं तो इमारतींची रेखाटनं करायचा, हे तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेल. ती रेखाटनं अगदी इवली होती, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. युद्धानंतर पॉट्सडॅमला त्याचा आइनस्टाइन टॉवर उभा राहिला, तोही सगळा काँक्रीटमध्ये करणं जमलं नाही. बराचसा विटांत बांधून वर गिलावा दिला आणि काही वर्षांतच दुरुस्ती काढावी लागली. त्याच आघाडीवर खिशात वही घेऊन गेलेले आणि परत न आलेले, किंवा परत येऊन पुन्हा कधी पेन्सिल न धरलेले कितीजण असतील. त्यांची नावं अभ्यासक्रमात येत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की संकटात सगळ्यांचेच हात चालतात. तुमचा हात थांबला, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

मला तुमच्यासाठी अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान जास्त जवळचा वाटतो. १९३२ च्या मंदीत फिलाडेल्फियात त्याच्या हाताला काम नव्हतं. वय जेमतेम ३१, आणि घर बायकोच्या पगारावर. त्यानं आपल्यासारखेच बेकार आर्किटेक्ट आणि इंजिनिअर जमवून एक अभ्यासगट काढला, आणि शहरातल्या गरीब वस्त्या, कामगारांची घरं यांचा ते सगळे मिळून अभ्यास करू लागले. त्यातून तेव्हा उभं असं फारसं काही राहिलं नाही. येल विद्यापीठाच्या ज्या कलादालनामुळे लोक त्याला ओळखू लागले ते पुरं झालं १९५३ मध्ये, म्हणजे तो ५२ वर्षांचा असताना. आपल्या अहमदाबादचं आयआयएम तर त्याच्याही नंतरचं. हे वाचून "म्हणजे अजून वेळ आहे" असा दिलासा घेऊन थांबू नका, पुढचंही ऐका. १९७४ च्या मार्चमध्ये अहमदाबादहून परत जाताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्टेशनात तो गेला, तेव्हा त्याच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं. एवढ्या इमारती उभ्या करूनही पैशाची बाजू सावरली नव्हती. काम आणि पैसा यांची खाती निराळी आहेत, आणि तुम्ही ती एकाच वहीत लिहायला घेतली आहेत. त्या बिचाऱ्या वाचनालयानं बुडालेली फी भरून काढायची, सासूबाईंना उत्तर द्यायचं आणि तुम्ही अजूनही आर्किटेक्ट आहात याची साक्षही द्यायची. एवढं ओझं पाठीवर घेऊन ते पुढे सरकेल कसं?

म्हणून आधी पैशाचं खातं. इथं मी थोडं सविस्तर लिहिते, कारण या धंद्यातल्या बऱ्याच जणांची फी अशीच बुडते आणि मग लाजेनं कुणी बोलत नाही.

थकलेल्या फीसाठी दावा करायची मुदत साधारण तीन वर्षं असते. तुमच्या कामाच्या तारखा काढा, बिलं, ईमेल, मंजुरीची पत्रं एका फाइलला लावा आणि या महिन्यातच वकिलाला दाखवा. तोंडी तगादा कितीही लावला तरी मुदत थांबत नाही. तुमची उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) त्या कामाच्या आधीची असेल तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखाली आणखी एक वाट आहे. त्यात ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या पैशावर भरपूर व्याज लागतं आणि तक्रार त्यासाठी नेमलेल्या परिषदेकडे नेता येते. नोंदणी नसेल तर आज करा. या प्रकरणात कदाचित उपयोग होणार नाही, पुढच्या प्रत्येक कामात होईल. आणि करारात वेगळं काही लिहून दिलेलं नसेल तर तुमच्या ड्रॉइंगचा कॉपीराइट तुमचा आहे. प्रकल्प उद्या दुसऱ्या विकासकाकडे गेला तर नव्या आर्किटेक्टनं आधीच्याची ना-हरकत घ्यावी, ही तुमच्या व्यवसायाची रीत आहे. ती ना-हरकत देताना थकलेल्या पैशाचं बोलायला संकोचू नका. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण "बुडाले" आणि "मागितले आहेत, मिळालेले नाहीत" या दोन वाक्यांनी रात्रीची झोप वेगवेगळी येते.

एक बारीकशी गोष्ट, जी ऑफिस बंद करणारे हमखास विसरतात: कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी चालू ठेवा. १९७२ च्या कायद्यानं 'आर्किटेक्ट' हे बिरुद त्या नोंदणीवर उभं आहे. घरखर्चात कात्री लावताना तिच्यावर लावू नका.

दुसरं, घरी आकडे सांगा. नवऱ्याला किती माहीत आहे हे पत्रात नाही, पण तुम्ही 'फसवतेय' हा शब्द वापरला आहे, आणि रात्री वहीत चित्र काढण्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. लपलेलं दुसरंच काहीतरी असणार. एखादं देणं, एखादा क्रेडिट कार्डाचा हप्ता, किंवा नोकरीची ऑफर आल्याला किती दिवस झाले ते. रविवारी दुपारी मुलगी क्लासला गेली की दोघं बसा आणि एका कागदावर सगळं मांडा.

आणि झोपेचं. दोन महिने झोप नसणं ही अंगावर काढायची गोष्ट नाही. तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या नंबरावर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आता नोकरी. माझं मत सरळ सांगते: घ्या. मुलीची दहावी आणि चालू हप्ते पाहता मी तुमच्या जागी असते तर घेतली असती. मात्र सही करण्याआधी बाहेरच्या कामाबद्दल नेमणूकपत्रात काय लिहिलं आहे ते वाचा, शनिवारचं विचारा, आणि कळव्याहून घोडबंदरला जायला-यायला संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये खरोखर किती वेळ लागतो ते एखाद्या कामाच्या दिवशी स्वतः जाऊन बघा. रोजचे तीन तास रस्त्यावर जाणार असतील तर आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागा. मंजुरीच्या ड्रॉइंगचं बरंच काम घरून होतं, हे तेही जाणतात.

"फक्त मंजुरीच्या ड्रॉइंगचं" असं लिहिलंत, त्यातल्या 'फक्त'वर मला थांबायचं आहे. २०२० च्या अखेरीस नवी एकत्रित विकास नियमावली आली, तेव्हापासून ठाण्यातल्या इमारती त्याच नियमांच्या साच्यातून बाहेर पडत आहेत. जिना किती रुंद, डक्ट (पाइपांची उभी पोकळी) कुठे, समोर किती जागा सोडायची, लॉबीत उजेड येणार की दिवसाही ट्यूब लावावी लागणार, हे त्या ड्रॉइंगमध्येच ठरतं. एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण), जिना आणि लिफ्ट बसवताना शेवटी जो दोन फुटांचा तुकडा उरतो, तिथं झडप टाकून बुजवायचं की खिडकी काढायची, हा निर्णय कुणीतरी रात्री आठ वाजता घाईत घेत असतं. तो निर्णय तुमच्यासारख्या बाईच्या हातात आला तर मजल्यावरच्या चार घरांना पुढची पन्नास वर्षं उजेड मिळेल. त्यावर तुमचं नाव नसेल. तुम्हाला ते पुरेल का, हे तुम्हीच ठरवायचं. कदाचित नाही पुरणार, आणि त्यात गैर काही नाही. म्हणूनच वही लागते.

वहीबद्दल लिहिण्याआधी एका बाईची गोष्ट सांगू द्या. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की, जन्म १८९७, व्हिएन्ना. पहिल्या महायुद्धानंतर त्या शहरात खायला नव्हतं आणि राहायला छप्पर नव्हतं. लोक शहराच्या कडेच्या जमिनीवर भाजी लावून, तिथंच झोपड्या बांधून राहू लागले, आणि ही तरुण आर्किटेक्ट त्यांच्यासाठी छोट्या, स्वस्तातल्या घरांचे आराखडे करू लागली. मध्ये तिला क्षयही झाला. १९२६ मध्ये ती फ्रँकफर्टला गेली. तिथं नगरपालिका कामगारांसाठी हजारो घरं बांधत होती, आणि तिच्या वाट्याला आलं स्वयंपाकघर. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. आपल्या मापात साधारण सव्वासहा फूट बाय अकरा फूट, म्हणजे आपल्याकडच्या वन बीएचकेचं असतं तसंच. तिनं घड्याळ लावून बायकांची कामं मोजली. ओट्यापासून मोरीपर्यंत किती पावलं, एका हातातलं भांडं ठेवायला दुसरा हात कुठे जातो. आगगाडीच्या डब्यातली स्वयंपाकघरं पाहिली, जिथं एवढ्याशा जागेत कितीतरी माणसांचं जेवण होतं. मग फिरतं स्टूल, भिंतीत मिटणारा इस्त्रीचा पाट, साखर-तांदळासाठी ॲल्युमिनियमचे नाव लिहिलेले खण, आणि पिठासाठी ओक लाकडाचा खण, कारण ओकला किडे लागत नाहीत. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. तिथं एका वेळी एकच बाई मावते, घरातल्या इतरांपासून ती तुटते, ही टीका पुढे झाली आणि ती मला पटते. तरी पिठाला किडे लागू नयेत म्हणून लाकूड बदलणारी बाई मला फार मोठी वाटते. तिच्या हातात पैसा नव्हता, जागा नव्हती. तिनं मोजून पाहिलं, एवढंच.

दुसरं उदाहरण तुमच्या अगदी जवळचं आहे. ठाण्याहून पनवेल लोकल पकडा आणि बेलापूरला उतरा. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. चार्ल्स कोरिया सुरुवातीची काही वर्षं तिचे मुख्य आर्किटेक्ट होते, आणि बेलापूरच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी केलेली आर्टिस्ट व्हिलेजची वसाहत ऐंशीच्या दशकात उभी राहिली. कॉलेजच्या वेळी पाहिली असेल, पण आता पुन्हा जा, आताच्या डोळ्यांनी बघा. सात घरं एका आठ मीटरच्या अंगणाभोवती. तसे तीन गट मिळून २१ घरं एका मोठ्या अंगणाभोवती. सगळ्यांत लहान प्लॉट ४५ चौरस मीटरचा आणि मोठा ७५ चा, म्हणजे गरीब आणि बऱ्यापैकी कमावणारा यांच्यात फरक एवढाच. घरांना सामाईक भिंती ठेवल्या नाहीत, कारण राहणाऱ्याकडे आज पैसे नाहीत, उद्या येतील, तेव्हा त्याला शेजाऱ्याला न विचारता खोली वाढवता यावी. लोकांनी ती वाढवलीही. कितीतरी मूळ घरं पाडून तिथं दुमजली, तिमजली पक्की घरं झाली आहेत. आर्किटेक्चरचे काही विद्यार्थी ते पाहून हळहळतात. मी गेले होते तेव्हा एका अंगणात वाळवणं घातली होती आणि तीन घरांतली मुलं एकाच नळावर पाय धूत होती. घरांचे चेहरे बदलले, अंगणं राहिली. राहणाऱ्याची आजची ओढाताण धरून काढलेला तो आराखडा होता.

आता तुमच्या वाचनालयाकडे येते. ते मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही त्याबद्दल पत्रात सहा ओळी लिहिल्या आहेत आणि त्या सहाही ओळींत एकही माणूस नाही. छत आहे, पाण्यावरचा उजेड आहे, रॅम्प आहे. तिथं येतं कोण? मला वाटतं ते तिथंच अडलं आहे. ते फाडू नका, टाकून देऊ नका. वर्षभर कपाटात राहू द्या, आणि तोवर वहीत फक्त अशा गोष्टी काढा ज्यांचा वापरणारा माणूस तुम्हाला नावानं माहीत आहे. तुमच्या सोसायटीच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबणारे काका. रिक्षा स्टँडवर उन्हात उभे राहणारे रिक्षावाले. सोमवारी ते शुक्रवारी रात्री वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही.

यातूनच थोडं कमाईचं कामही निघू शकतं. नौपाडा-कळव्याच्या जुन्या सोसायट्या आज रिडेव्हलपमेंटच्या सभा घेत आहेत, आणि त्या सभांमध्ये विकासकाचा प्लॅन पुढे ठेवला की निम्म्या सभासदांना तो वाचता येत नाही. ज्येष्ठ मंडळी मान डोलावतात आणि घरी जाऊन विचारतात, आपलं स्वयंपाकघर नक्की कुठे आलं? सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ ला निघालेल्या सरकारी निर्देशांनुसार सोसायटीनं स्वतःचा आर्किटेक्ट किंवा सल्लागार नेमून अहवाल घ्यायचा असतो. मोठं सल्लागाराचं काम आत्ता अंगावर घेऊ नका, नोकरीबरोबर ते झेपणार नाही. पण एखाद्या सोसायटीला प्रत्येक सभासदाचं आजचं घर आणि मिळणारं घर एकाच मापात शेजारी शेजारी काढून देणं, कार्पेट एरिया मराठीत समजावणं, पलंग आणि कपाट आत मांडून दाखवणं, हे शनिवार-रविवारचं काम आहे. नेमणूकपत्र आडवं येत नसेल तर त्याची फी ठरवा, लेखी घ्या, निम्मी आधी घ्या. बुडालेल्या तीन वर्षांत रिडेव्हलपमेंटबद्दल जे शिकलात ते इथं थेट उपयोगी पडेल.

नोकरीत वर्ष झालं की वाचनालयाची वही काढा. तोवर तुमच्या पानांवर माणसं आलेली असतील, आणि त्यातल्या एखाद्याला त्या रॅम्पवरून चालवून बघता येईल.

आणि सासूबाई. "कागदावरच्या घरात कोण राहणार गं?" तुम्हाला यात टोमणा ऐकू आला. असेलही. मला मात्र तो या सगळ्या पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न वाटला, कारण आर्किटेक्टला विचारायचा पहिला प्रश्न तोच असतो. त्यांना विचारणारं कुणी कधी आलं नसेल. पन्नास वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या मापाच्या ओट्यावर पोळ्या लाटल्या असतील. आपल्याकडे ओटा बहुतेक ३२ ते ३४ इंचांचा असतो, आणि तुम्ही लिहिलंय त्या जेमतेम पावणेपाच फूट आहेत. पोळी लाटताना ओटा कोपराच्या थोडा खाली हवा, नाहीतर खांदे वर उचलून लाटावं लागतं आणि रात्री मान धरते. त्यांची मान धरते का, विचारा.

म्हणजे पहिलं पान हेच. येत्या रविवारी सकाळी त्या पोळ्या करायला उभ्या राहिल्या की मेजरिंग टेप घेऊन जा. जमिनीपासून कोपरापर्यंत, जमिनीपासून ओट्यापर्यंत, आणि डाळीचा डबा काढायला हात वर जातो तिथपर्यंत. तीन मापं. त्या म्हणतील, काय करतेस हे? त्यांना सांगा, तुमचं स्वयंपाकघर काढतेय. आणि तिन्ही आकडे मला कळवा.